एक्कावन्नावा ग्रॅम

आमच्या बाथरूममध्ये सध्या पाच टूथपेस्ट एकदम वापरात आहेत. माणसं दोन. पाहुण्यांनी विचारलं की हे माझ्याकडे बोट दाखवतात आणि मी माळ्याकडे.

माळ्यावर चिरंजीवांच्या गाड्या आहेत. चिरंजीव श्टुटगार्टला खऱ्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करतात. खोट्या गाड्या सदाशिव पेठेत, दोन पत्र्याच्या ट्रंकांत. एकूण दोनशे चौदा. नव्वदच्या दशकात प्रत्येक परीक्षेनंतर एक, प्रत्येक इंजेक्शननंतर एक, आणि तुळशीबागेत मला हवं ते घेईपर्यंत गप्प उभं राहिल्याबद्दल एक, अशा त्या साठत गेल्या. २०२३ च्या दिवाळीत माळा साफ करताना व्हिडिओ कॉलवर त्याला ट्रंक दाखवली आणि म्हटलं, "भंगारवाल्याला देऊ का रे?"

तिकडून किंकाळी आली. "आई! त्या लिओच्या आहेत!"

लिओ म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. हॉट व्हील्स ही मॅटेल या अमेरिकन खेळण्यांच्या कंपनीची गाडी, १९६८ पासूनची. तीच काही वर्षं आपल्याकडे लिओच्या नावाने निघायची. गाडी उलटी केली की पोटावर 'लिओ इंडिया' असं कोरलेलं दिसतं, आणि ते दिसलं की चाळिशीतल्या पुरुषांचे डोळे भरून येतात. ट्रंकेच्या तळाशी तर यांच्याही लहानपणच्या चार निघाल्या. आत्याच्या यजमानांनी इंग्लंडहून आणलेल्या, लेस्नीच्या मॅचबॉक्स. "विकून टाक," चिरंजीव म्हणाले. "गाड्या जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाक. किंमत मी सांगतो. खाली फक्त लिही, शिपिंग एक्स्ट्रा."

त्या दोन शब्दांत माझं निवृत्तीनंतरचं आयुष्य गेलं.

मॅचबॉक्सची गोष्ट मोठी गंमतशीर आहे. लंडनच्या लेस्नी कंपनीतले जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेचा नियम होता, काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. म्हणून त्यांनी तिला चिमुकला रोडरोलर करून दिला आणि १९५३ पासून काडेपेटीसारख्या खोक्यातल्या गाड्या बाजारात आल्या. म्हणजे काडेपेटीत मावावी म्हणूनच जन्माला आलेली ही वस्तू. पण तीच पुण्याहून परगावी पाठवायची म्हटलं की लोकांना ती बुटाच्या खोक्यात हवी असते. वरून तीन वेढे बबल रॅप. आणि गाडी मूळ पुठ्ठ्यासकट असेल, ज्याला हे लोक कार्डेड म्हणतात, तर त्या पुठ्ठ्याचा कोपरासुद्धा दुमडता कामा नये. आमच्या लग्नाच्या अल्बमचे चारही कोपरे दुमडलेत. कुणी चकार शब्द काढला नाही.

मी बँकेत होते. तीस वर्षं, त्यातली निम्मी कॅश काउंटरला. त्यामुळे पहिल्याच दिवशी वही घातली. गाडी, वजन, खोका, बबल रॅप, टेप, पोस्ट, शिल्लक. पहिल्या पाच गाड्यांनंतर शिल्लकेच्या रकान्यात जे दिसलं त्याला आमच्या शाखेत 'तफावत' म्हणायचे आणि त्यासाठी रात्री नऊपर्यंत थांबवायचे.

तफावत कुठून येत होती ते सांगते. तेव्हा स्पीड पोस्टला ५० ग्रॅमपर्यंत गावाबाहेर, देशात कुठेही, ३५ रुपये पडायचे. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४१ रुपये ३० पैसे. पन्नासच्या पुढे गेलात की अंतराचा हिशोब सुरू व्हायचा, आणि दोन हजार किलोमीटरपलीकडे ७० रुपये, करासकट ८२ रुपये ६० पैसे. नीट बघा, बरोब्बर दुप्पट. एक्कावन्नावा ग्रॅम एकटा ४१ रुपये ३० पैशांना. त्या भावात मी आयुष्यात वेलदोडेही घेतलेले नाहीत.

आणि देवाची करणी अशी, की सुटी गाडी भरते सदतीस-अडतीस ग्रॅम. म्हणजे खोका, रॅप, टेप आणि पत्ता मिळून हातात उरतात बारा. इथे टूथपेस्ट येते. टूथपेस्टच्या खोक्याची रुंदी गाडीच्या अंगाला शिवल्यासारखी बसते. निम्मा कापला की आठ ग्रॅम. औषधाच्या बाटलीचा खोका याहून हलका असतो, पण आडवा दाबला जातो. अगरबत्तीचा छान, पण लांबलचक, आणि गाडीला वास लागतो. कोचीच्या एका गृहस्थांनी गाडी मिळाल्यावर 'स्मेल्स लाइक टेंपल' असं कळवलं होतं. तक्रार होती की कौतुक, ते समजलं नाही. मी धन्यवाद लिहिलं.

आसामातल्या दिब्रुगडचं पार्सल मात्र मला जन्मात विसरता येणार नाही. घरच्या काट्यावर, ज्यावर मी नारळाच्या वड्यांची साखर मोजते, ते ४९ ग्रॅम भरलं होतं. पत्त्याचा कागदही चिकटवला नव्हता, थेट खोक्यावर बारीक अक्षरात लिहिला होता. ऐन मे महिना, दुपारचे बारा, पोस्टात माझ्यामागे सात-आठ माणसं. काउंटरवरच्या मुलीने पार्सल काट्यावर ठेवलं. ५१.

"काकू, पुढचा स्लॅब लागेल."

"घरी एकोणपन्नास होतं."

"इथे एक्कावन्न आहे."

हे वाक्य मी ओळखलं. 'तुमच्याकडे मोजलं असेल हो, इथे एक नोट कमी आहे' हे मी स्वतः याच सुरात शेकडो लोकांना ऐकवलेलं होतं. म्हणून वाद घातला नाही. पर्समधली कात्री काढली आणि खोक्याच्या झाकणाची आतली पट्टी कापली. ५१. टेपचं एक टोक सोलून काढलं. ५१. आता रांगेला रस घ्यावासा वाटू लागला. मागच्या बाईंनी नेलकटर पुढे केला. एकजण म्हणाला, "गाडीची चाकं काढून वेगळी पाठवा." दुसरा म्हणाला, "बुक पोस्टने टाका, स्वस्त पडतं." त्याला मी सांगितलं की बुक पोस्टचं पाकीट तपासायला उघडं ठेवावं लागतं आणि पुस्तकाला चाकं नसतात. मग सगळ्यात मागे बसलेले टोपीवाले आजोबा काठी टेकत पुढे आले, काट्याकडे बघितलं, वर बघितलं आणि म्हणाले, "पंखा बंद करा."

काउंटरवरची मुलगी आजोबांकडे बघतच राहिली. पंखा बरोब्बर काट्याच्या डोक्यावर होता.

तिने उठून बटण बंद केलं. मे महिना, बारा वाजलेले, नऊ माणसांचा श्वास रोखलेला. पाती हळूहळू थांबली. काट्याने एकदा ५१ दाखवलं, एकदा ५०, पुन्हा ५१, आणि मग ५० वर स्थिर झाला. पन्नास म्हणजे पन्नासपर्यंत. तिने खटकन एंटर दाबलं आणि पावती आली: ४१.३०. रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. आजोबांना मी उसाचा रस पाजायला निघाले होते, पण ते "माझी मनीऑर्डर राहील" म्हणून थांबले. (वहीत रस लिहिला असता तर पुन्हा तफावत आली असती, हेही आहेच.)

पुढे २०२५ मध्ये रजिस्ट्री स्पीड पोस्टात विलीन झाली आणि ऑक्टोबरपासून त्या ३५ चे ४७ झाले. तोवर माझ्या एकशे साठ गाड्या गेल्या होत्या. उरलेल्यांचा हिशोब नव्याने मांडला.

पोस्ट निदान वजन तरी मोजतं. कुरिअरवाले हवा मोजतात. चिरंजीवांचं एक प्लास्टिकचं अंतराळयान होतं, पंख पसरलेलं, वजन ३१० ग्रॅम. त्याला ४० बाय ३० बाय २५ सेंटीमीटरचा खोका लागला. काउंटरवरच्या मुलाने टेप लावून तिन्ही बाजू मोजल्या, गुणाकार केला, पाच हजाराने भागलं आणि म्हणाला, "सहा किलो."

"अरे, उचलून तर बघ!"

"व्हॉल्युमेट्रिक आहे मावशी."

म्हणजे साडेपाच किलो नुसती हवा, तीही सदाशिव पेठेतली, आणि भाडं माझ्याकडून. मी खोका घरी आणला. यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, चष्मा पुसला आणि दीड तासात अंतराळयानाचे पंख उतरवले. मग ते २५ बाय २० बाय १० च्या खोक्यात गेलं. पाच हजार भागिले पाच हजार, एक किलो. स्क्रू एका पुडीत बांधून त्यावर यांनी 'डावा' आणि 'उजवा' लिहिलं, मराठीत. पार्सल चेन्नईला होतं. त्याचं पुढे काय झालं ते विचारायची हिंमत झाली नाही.

पत्त्यांबद्दल एकच सांगते. आपल्याकडे पिन कोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि तो आणला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, म्हणजे संस्कृतात कविता करणाऱ्या मराठी माणसाने. एवढा अवाढव्य देश त्यांनी सहा आकड्यांत बसवला. आणि तीनशे रुपयांची गाडी घेणारा तरुण मला पत्ता पाठवतो: 'शिवमंदिराच्या मागे, पांढरी बिल्डिंग, आल्यावर फोन करा.' कोण आल्यावर?

नागपूरच्या एका गिऱ्हाइकाची तऱ्हा वेगळी. ते दर आठवड्याला एक गाडी घ्यायचे, पैसे लगेच टाकायचे आणि लिहायचे, 'होल्ड करा ताई, क्लब करून एकदम पाठवा, पोस्टेज वाचेल.' वाचेल, मान्य. पण चौदा गाड्या सहा महिने माझ्या कपाटात, पैठणीच्या शेजारी. शेवटी मीच विचारलं, आता पाठवू का? तर उत्तर आलं, 'राहू द्या, नवरात्रात मेहुणा पुण्याला येतोय, त्याच्या हाती द्या.' आला मेहुणा. चहा, पोहे, चौदा गाड्या. जाताना म्हणाला, "नागपूरला काही न्यायचंय का तुमचं?" मेहुण्याला स्लॅब नसतो. लोणचं, खवा, सुनेचं मंगळसूत्र, सगळं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच कुणाच्या तरी हाती गेलेलं आहे.

मुख्य त्रास किमतीचा नव्हताच. साडेतीनशेची गाडी लोक डोळे मिटून घेत, आणि शिपिंगचे चाळीस रुपये ऐकले की विचारत, 'काही कमी होईल का?' जसं काही पोस्टमास्तर माझे मामा आहेत. म्हणून शेवटी बँकेतली अक्कल चालवली. किंमत चारशे केली आणि खाली लिहिलं, शिपिंग फ्री. त्याच गाड्या, तेच लोक, तीन दिवसांत अकरा गेल्या. कुणी हूं की चूं केलं नाही.

केलं ते फक्त एकाने. पुणेकरच.

'मॅडम नमस्कार. निळी व्हॅन घेतो. पण मी नारायण पेठेत राहतो. स्थानिक स्पीड पोस्ट ५० ग्रॅमला १५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १७.७० होतात. आपण पन्नास धरलेले दिसतात. तरी ३२.३० वजा करावेत.'

माणूस सेवेत कुठे होता ते मी विचारलं नाही, पण तो अकाउंट्सला होता हे लिहून देते. मी उत्तर दिलं, 'आपण येऊन घेऊन गेलात तर पूर्ण पन्नास वजा.' त्यांचं उत्तर, 'आपल्याकडे गाडी लावायला जागा नाही.' मी, 'चालत दहा मिनिटं आहे.' ते, 'मग आपण यावं.' मी, 'चालते मी, पण मग पन्नास देणार नाही.' हे सगळं दुपारी सव्वादोनला, म्हणजे दोघांनीही झोप सोडलेली. शेवटी निम्मं अंतर आणि निम्मे पैसे, कुंटे चौकात, संध्याकाळी साडेसहाला, असं ठरलं.

ते साडेसहाला पाच कमी असताना उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन. मी टूथपेस्टचा खोका दिला. त्यांनी तिथेच, लक्ष्मी रोडवरच्या त्या गर्दीत, नखाने टेपचं टोक उचललं आणि न फाडता अख्खी पट्टी सोलून काढली. गाडी उलटी करून पोट वाचलं, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली. मग पट्टी पुन्हा खोक्यावर जागच्या जागी चिकटवून खोका माझ्यापुढे धरला.

"हा आपल्याला उपयोगी पडेल."

३७५ रुपये मोजून दिले. मी पुन्हा मोजले. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

घरी येऊन चपला काढायच्या आधी खोका काट्यावर ठेवला. टेपसकट दहा ग्रॅम. यांना म्हटलं, "अहो, जरा पंखा बंद करा बरं."