हाइझमनचा निकाल आधी ठरलेला नसतो, त्यावर पैसे लावू नका

माझा भाचा अमेरिकेत कोलंबसला ओहायो स्टेट विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. परवा त्याने मला एक मराठी मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, ‘मावशी, हे खरं आहे का? आमच्यातले दोघं-तिघं पैसे लावायला निघालेत.’ हा मेसेज इथल्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी यंदाही ओहायो स्टेटकडे येणार नाही. रिसीव्हरला, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्याला, ती मिळतच नाही. एका संघात दोन दावेदार असले (इथे रिसीव्हर जेरेमाया स्मिथ आणि चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक ज्युलियन सायिन) की मतं फुटतात. ट्रॉफी राष्ट्रीय विजेत्या संघातच जाते. आणि विजेता टीव्ही चॅनेल सीझनच्या आधीच ठरवून ठेवतं, म्हणून मेसेजमध्ये दिलेल्या नावावर आत्ताच पैसे लावा, ‘शंभर टक्के गॅरंटी’.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण त्याने पोरांचे पैसे बुडणार आहेत.

ही ट्रॉफी देणाऱ्या हाइझमन ट्रस्टची मतदानाची पद्धत उघड आहे. देशाचे सहा विभाग, प्रत्येक विभागात 145 पत्रकार, म्हणजे 870 मतं. शिवाय हयात असलेले सगळे माजी विजेते मत देतात, आणि चाहत्यांचं मिळून एक मत. प्रत्येक मतदार तीन नावं क्रमाने लिहितो. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. मोजणी डेलॉइट ही हिशेब तपासणारी कंपनी करते. समारंभ ईएसपीएन हे टीव्ही चॅनेल दाखवतं हे खरं, आणि टीव्हीवर ज्याची चर्चा जास्त त्याला फायदा होतो हेही खरं. पण चर्चा होणं वेगळं आणि निकाल ठरवणं वेगळं. देशभर पसरलेले नऊशेच्या आसपास लोक, त्यात अनेक एकमेकांच्या संघांचे कट्टर विरोधक. त्यांना ऑगस्टमध्ये एकच नाव कोण सांगणार आणि ते का ऐकणार?

चॅनेलला निवडायचंच असतं तर 2025 मध्ये त्यांनी टेक्ससचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग निवडला असता. पेटन आणि एली मॅनिंग या नामांकित क्वार्टरबॅकांचा पुतण्या, अमेरिकेतल्या फुटबॉलमधलं सगळ्यात मोठं आडनाव, सीझनच्या आधी सगळ्यांच्या यादीत वर. तो मतदानातल्या पहिल्या चारांतही नव्हता. ट्रॉफी गेली फर्नांडो मेंडोझाकडे, आणि तीही इंडियानाला. पिढ्यान्‌पिढ्या हरण्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्या त्या संघाची ही पहिली हाइझमन. त्याआधी 1997 मध्ये खुद्द पेटन मॅनिंग मागे पडला आणि मिशिगनचा चार्ल्स वुडसन जिंकला, तोही मुख्यतः बचावात खेळणारा. 2025 च्या ऑगस्टमध्ये आर्च मॅनिंगवर ‘गॅरंटी’ म्हणून ज्यांनी पैसे लावले, त्यांना कोणत्याही चॅनेलने ते परत दिले नाहीत.

आणखी एक. ओहायोमध्ये 21 वर्षांखालच्याला खेळावर पैज लावताच येत नाही, आणि दुसऱ्या वर्षाची बहुतेक मुलं एकोणीस-वीसची असतात. कॉलेज खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरच्या पैजा तर या राज्याने 2024 मध्ये बंद केल्या, कारण पैसे हरलेले लोक या खेळाडूंना शिव्या आणि धमक्या पाठवत होते. ती खेळणारी मुलंही आपल्या मुलांच्याच वयाची आहेत, एकाच कॅम्पसवर राहतात. हे कळल्यावरही कुणाला तो मेसेज पुढे पाठवावासा वाटत असेल, तर मला त्याचा राग येतो.

‘ट्रॉफी राष्ट्रीय विजेत्या संघातच जाते’ हे तर वेळापत्रक बघितलं तरी कोसळतं. मतदान डिसेंबरच्या सुरुवातीलाच संपतं, राष्ट्रीय विजेता ठरतो जानेवारीत. 2024 च्या सीझनमध्ये राष्ट्रीय विजेता ओहायो स्टेट होता आणि हाइझमन कोलोरॅडोच्या ट्रॅव्हिस हंटरला मिळाली. कोलोरॅडो प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीतही, नव्हता. 2014 च्या सीझनमध्ये तर ओहायो स्टेटने अंतिम सामन्यात ज्याला हरवलं, तो ओरेगॉनचा मार्कस मारियोटाच त्या वर्षीचा हाइझमन विजेता होता.

मतं फुटण्याचं म्हणाल तर 2020 मधला अलाबामा बघा. डेव्होंटा स्मिथ पहिला, त्याचाच क्वार्टरबॅक मॅक जोन्स तिसरा, नाजी हॅरिस पाचवा. तीन दावेदार एका संघात, तरी ट्रॉफी घरीच आली. आणि हा स्मिथ रिसीव्हर होता, म्हणजे रिसीव्हरचा मुद्दाही तिथेच संपतो.

पूर्ण संपतो असं मात्र मला म्हणता येत नाही. 2000 पासूनच्या 26 ट्रॉफींपैकी 21 क्वार्टरबॅकांनी नेल्या आहेत. स्मिथच्या आधी रिसीव्हर जिंकला तो 1991 मध्ये, मिशिगनचा डेस्मंड हॉवर्ड. ओहायो स्टेटकडे एकूण सात ट्रॉफी आहेत, दोनदा जिंकणारा एकमेव खेळाडू आर्ची ग्रिफिन इथलाच. पण शेवटची ट्रॉय स्मिथची, 2006 ची. तेव्हापासून जवळपास वीस वर्षं कोरडी गेली, हे मेसेजवाल्याचं खरं आहे. पण त्यावरून ‘यंदाही नाही’ असा निष्कर्ष निघत नाही.

जेरेमाया स्मिथ हा आज देशातला सर्वोत्तम रिसीव्हर आहे असं माझं ठाम मत आहे. पहिल्याच वर्षी 76 झेल, 1315 यार्ड, 15 टचडाउन. त्याच सीझनच्या नॉटर डेमविरुद्धच्या अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटांत थर्ड डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात, 11 यार्ड हवे असताना त्याने घेतलेला 56 यार्डांचा झेल बघितलेला माणूस ‘रिसीव्हरला मिळत नाही’ असं इतक्या सहज म्हणणार नाही. त्याच्याकडे चेंडू फेकणारा ज्युलियन सायिन 2025 च्या मतदानात चौथा आला होता. मतदारांची सवय बघता जड पारडं सायिनचं आहे, खेळ बघता स्मिथचं. माझं मत असतं तर पहिलं नाव स्मिथचं लिहिलं असतं.

भाच्याला मी हेच सगळं लिहिलं. सप्टेंबरमध्ये टेक्ससशी ऑस्टिनला जाऊन खेळायचं आहे, नोव्हेंबरच्या शेवटी मिशिगन कोलंबसला येणार आहे. मतदारांचं मत बनणार ते या सामन्यांतून. ते बघ, मित्रांना बोलावून बघ, आणि पैसे लावणाऱ्या त्या दोघा-तिघांना हे आजच पाठव.