मोटर आहे, पण ढकला

'सेल्फ गायडेड' म्हणजे नेमकं काय, हे गोव्यात पणजीला सहलीसाठी भाड्याची ई-सायकल ताब्यात देणारा माणूस नीट सांगत नाही, म्हणून मी सांगतो. सेल्फ गायडेड म्हणजे शिव्या घालायला गाइड नसणे. वाट चुकली तर दोष नकाशाचा, आणि नकाशा तुमच्याच हातात. तो प्लॅस्टिकमध्ये घट्ट मढवलेला असतो, त्यामुळे रागाच्या भरात फाडतासुद्धा येत नाही.

बेत कागदावर फार देखणा दिसतो. पणजीहून रायबंदर, रायबंदरहून फेरीबोटीने चोडण, चोडणहून मयेच्या अंगाने नार्वे, नार्व्याहून फेरीने दिवाडी, दिवाडीहून पुन्हा फेरीने जुने गोवे, आणि तिथून नदीकाठाने घरी. दोन बेटं, तीन बोटी, चाळीसेक किलोमीटर. तीन फेऱ्या केल्या की एक फेरी पूर्ण होते. ज्यांना नदी म्हटलं की दोन्ही बाजूंना कडे आणि मधून फेसाळतं पाणी लागतं, त्यांनी सत्तरी तालुक्यात जावं. तिथे पावसाळ्यात म्हादईवर राफ्टिंग होतं. तीच म्हादई खाली मांडवी म्हणून येते तेव्हा ती वयस्क, रुंद आणि खारी झालेली असते. तिला घाई नसते. तुम्हाला असते.

आधी सायकल. कायद्याच्या नजरेत मोटर २५० वॅटची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर ही सायकलच. नंबरप्लेट नको, लायसन्स नको. सायकल असल्यामुळे तुम्ही ती चालवणं अपेक्षित आहे, ही गोष्ट मात्र भाड्याने घेणाऱ्या निम्म्या लोकांच्या डोक्यात शिरत नाही. ते बसतात, उजव्या हाताने थ्रॉटल पिळतात आणि पाय पोपटासारखे दुमडून ठेवतात. साधारण बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची असते. गुणाकार केला की ३६० वॅट-तास. पाय मारत, पहिल्या पातळीवर मोटरची मदत घेत गेलात तर किलोमीटरला आठ-नऊ वॅट-तास जातात, म्हणजे चाळीस किलोमीटर निघतात. नुसतं थ्रॉटल पिळलंत तर सोळा-सतरा जातात, आणि बॅटरी बावीस किलोमीटरांवर, म्हणजे बहुधा दिवाडीच्या मधोमध, राम म्हणते. दिवाडीला यायचं असो वा दिवाडीहून जायचं असो, फेरीबोटीशिवाय सुटका नाही, आणि फेरीच्या धक्क्यापर्यंत सायकल आपल्यालाच न्यायची असते. ती बावीस ते पंचवीस किलो भरते.

'मग वाटेत चार्ज करू' असं म्हणणारा एकजण प्रत्येक टोळीत असतोच. त्याच्यासाठी हिशेब मांडून ठेवतो. सोबत येतो तो चार्जर दोन अँपिअरचा. रिकामी बॅटरी भरायला पाच तास. जेवायला तास लावलात, तर वीस टक्के, म्हणजे आठ किलोमीटर. चहा आणि मिरची भजी एवढ्या वेळात अर्धा तास गेला, तर चार. एवढं करून चार्जर जड म्हणून पणजीलाच ठेवलेला असतो.

पट्ट्यांवर विश्वास ठेवू नका. डिस्प्लेवरच्या चार-पाच पट्ट्या म्हणजे बॅटरीत उरलेला माल नव्हे, तो फक्त व्होल्टेजचा अंदाज. भरलेली बॅटरी ४२ व्होल्ट दाखवते, आणि ३१च्या आसपास मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर मुकाट्याने दुकान बंद करतो. चढावर मोटर जोरात खेचते तेव्हा व्होल्टेज तात्पुरतं खाली बसतं, आणि तीन पट्ट्यांची एक होते. माणूस घाबरून उतरतो, घाम पुसतो, आणि पाहतो तर पुन्हा तीन! बॅटरी आपली थट्टा करते असं वाटतं. तसं नाही, तिची ती दमल्यावर खाली बसण्याची पद्धत आहे. खरा आकडा हवा असेल तर सपाटीवर, पाय थांबवून, मिनिटभराने बघावा.

पणजी ते रायबंदर हा सगळ्यात सोपा तुकडा. पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात बांधलेल्या तीनेक किलोमीटरांच्या बांधपुलावरून, पोंते द लिन्यारिशवरून, रस्ता जातो. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला खाजन, म्हणजे बांध घातलेली खाडीकाठची सखल जमीन. चढ नाही, सकाळी वाराही पडलेला असतो. म्हणून माझं ठाम मत आहे की इथे मोटर बंद ठेवावी. पैसे मोजून घेतलेली मोटर बंद ठेवायला जिवावर येतं, मला कळतं. पण दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि मांडवीच्या तोंडातून सरळ आत घुसतो. जुने गोवे ते पणजी हा परतीचा तुकडा सगळाच पश्चिमेकडे, म्हणजे सगळाच त्या वाऱ्याच्या तोंडावर. तेव्हा सकाळी वाचवलेल्या दोन पट्ट्या आजीच्या गाठोड्यातल्या नोटांसारख्या कामी येतात.

आता धक्का. फेरीबोटीचा उतार म्हणजे या सहलीची खरी परीक्षा, आणि ती कुठल्याच जाहिरातीत दिसत नाही. ओहोटीला उताराचा खालचा भाग उघडा पडतो. तो हिरवा असतो. ती हिरवळ नव्हे, शेवाळ. त्यावर डिझेलचा पातळ थर. कडेला कालवांची कवचं, जी टायरला ब्लेडसारखी लागतात. यात तुम्ही चालता आणि सायकल पुढे ओढते, कारण तिच्यात 'वॉक मोड' नावाची सोय असते: वजाचं बटण दाबून धरलं की ती आपणहून सहाच्या वेगाने पुढे सरकते. सपाट रस्त्यावर ही सोय गोड. ओल्या उतारावर ती म्हणजे दोरी तोडलेलं वासरू. चढताना वापरा, उतरताना कधीही नाही. उतरताना मोटर पूर्ण बंद, मागचा ब्रेक अर्धा दाबलेला, सायकल उताराच्या खालच्या अंगाला नव्हे तर बाजूला, आणि पाय आडवे टाकत.

बोटीत चढल्यावर पुन्हा एकदा पाहा की मोटर बंद आहे. याबाबतीत मी थोडा चिडखोर आहे, हे मान्य. चालू सायकल धरून उभं राहिलेल्या माणसाचा अंगठा बोलता बोलता थ्रॉटलला लागतो. सायकल उडी मारते आणि समोर बसलेल्या नुस्तेकान्न बायच्या, म्हणजे मासे विकणाऱ्या बाईच्या, पाटीत शिरते. बांगडे गोळा करताना जे ऐकावं लागतं, त्यात 'सेल्फ गायडेड' या शब्दाचं अचूक कोंकणी भाषांतर मिळतं. सायकल स्टँडवर लावून दूर जाऊन फोटो काढू नका. बोट धक्क्याला लागते तेव्हा थडकन लागते, आणि स्टँडवरची सायकल शेजारच्या स्कूटरवर, ती पुढच्या स्कूटरवर, अशी ओळ पडते. धरून उभं राहा. आजूबाजूचे लोक फळी टेकायच्या आधीच इंजिनं सुरू करतात. त्यांच्याबरोबर धावायची गरज नाही. शेवटी उतरा. शेवटी उतरलेल्याला उतार मोकळा मिळतो, आणि मागे हॉर्न नसतो.

मग ढकलत वर चढताना कुणीतरी बांधावर बसलेला म्हातारा हमखास विचारतो, "मोटर आसा न्हू? मागीर धुकलता कित्याक?" मोटर आहे ना, मग ढकलता कशाला, या प्रश्नाला उत्तर नाही. हसायचं आणि पुढे जायचं.

चोडणला उतरल्यावर डाव्या हाताला सलीम अली पक्षी अभयारण्याचं खारफुटीचं रान लागतं. १९८८ मध्ये घोषित झालेलं, दोन चौरस किलोमीटरही न भरणारं. इथली होडी हा या सहलीतला माझा सगळ्यात लाडका भाग, आणि यासाठीच भरती-ओहोटीचं कोष्टक आदल्या रात्री बघायचं. भरती असली तर होडी खाड्यांच्या आत, मुळांच्या मधून जाते, आणि खंड्या हाताच्या अंतरावर बसलेला दिसतो. ओहोटी असली तर आत चिखल. त्यात निवट्या उड्या मारताना दिसतात, तोही तमाशा बघण्यासारखा आहे, पण तो बाहेरूनच बघावा लागतो. भरती-ओहोटीत साधारण सव्वासहा तासांचं अंतर, आणि वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून 'गेल्या रविवारी सकाळी आठला मस्त पाणी होतं' या मित्राच्या सल्ल्यावर जाऊ नका. आठवड्यात ते पाणी पार उलटं झालेलं असतं. होडीत बसण्याआधी सायकलची बॅटरी काढून पाठीवर घ्या, आणि लाइफ जॅकेटचे पट्टे त्यावरून नव्हे, त्याच्या आतून बांधा. बॅटरी सुमारे अडीच-तीन किलो. ती काढायला लागते चावी. चावी एवढीशी, पण तिला नारळाच्या करवंटीचा मूठभर तुकडा बांधलेला असतो, हरवू नये म्हणून. खिशात तो मांडीला टोचतो. चावीबद्दल नंतर सांगतो.

चोडण ते नार्वे ही वाट सावलीची. इथेच सायकल अचानक बंद पडते. बॅटरी भरलेली, पट्ट्या दिसतात, पण मोटर ढिम्म. घाबरू नका, बहुतेक वेळा बिघाड फुकटचा असतो. ब्रेकच्या दोन्ही मुठींत एकेक स्विच असतो. ब्रेक दाबला की तो मोटरची वीज तोडतो. खाऱ्या हवेने मूठ थोडी चिकटली आणि पूर्ण परत आली नाही, की सायकलला वाटतं तुम्ही अजून ब्रेक लावताय. मूठ बोटाने पुढे ढकला. नव्वद टक्के वेळा काम होतं. (नव्वद हा माझा आकडा, शास्त्रीय नाही.) नाहीतर क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्याच्या, मागे चुंबकांची चकती आहे ती बघा. तिच्याशेजारचा सेन्सर बोटीत कुणाच्या तरी स्कूटरने ठोकरला असेल तर पाय फिरतायत हे मोटरला कळतच नाही. चकतीपासून दोन-तीन मिलिमीटर अंतरावर त्याला परत वळवा. दोन्ही करून चालली नाही, तर ती आता साधी सायकल आहे, जड साधी सायकल.

पंक्चर झालं तर मागचं चाक उघडू नका. मोटर त्याच चाकाच्या मध्यात असते. आसाला १८ मिलिमीटरचे नट, आत अडकवायचा वॉशर, आणि बाहेर येणारी तार. गावातला सायकलवाला ती तार बघतो आणि हात वर करतो; त्याचं चुकत नाही. उपाय असा: सायकल आडवी टाका, टायर एका बाजूने लीव्हरने सोडवा, ट्यूब जागच्या जागी बाहेर ओढा, नदीच्या पाण्यात बुडवून बुडबुडा शोधा, कानशीने घासा, सोल्यूशन लावून पाच मिनिटं थांबा, मगच ठिगळ. ही पाच मिनिटं कुणी थांबत नाही, आणि म्हणून दिवाडीला पुन्हा तेच करतो.

नार्व्याला सप्तकोटेश्वर. मूळ देऊळ दिवाडीचं; देव तिथून खाडी ओलांडून इकडे आला, आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये या देवळाचा जीर्णोद्धार करवला. आपण नेमका उलटा प्रवास करतो, आणि देवाजवळ चार्जिंगची काळजी नव्हती. हात जोडावेत, पाणी भरून घ्यावं, फेरीची वाट पाहण्याची तयारी ठेवावी.

दिवाडी सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. वाद पिएदादच्या टेकडीबद्दल आहे. चर्च माथ्यावर, आणि रस्ता सरळ वर. जेवण आधी की चढ आधी? मी चढ आधी म्हणेन. हुमण-शीत पोटात गेल्यावर पाय मोटरकडे बघतात आणि मोटर पायांकडे. चढताना सगळ्यात हलका गिअर चढ लागायच्या आधी टाका. अर्ध्या चढावर बदलायला गेलात तर साखळी कडकडते आणि उतरते. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथे बोंदेरां हा झेंड्यांचा उत्सव असतो. तेव्हा जा, जरूर जा, पण सायकल घरी ठेवून. त्या दिवशी फेरीच्या रांगेत पंचवीस किलो सांभाळत उभं राहणं म्हणजे वेगळाच नवस.

जुन्या गोव्याला व्हाइसरॉय कमानीजवळ बोट लागते. इथून पुढे दहाएक किलोमीटर तोंडावर वारा. ज्याने सकाळी थ्रॉटल पिळला तो आता हँडलवर आडवा होतो. ज्याने दोन पट्ट्या राखल्या तो ताठ बसून मागे वळून बघतो. (वळू नका, रस्त्यावर बसेस आहेत.) रायबंदरला पोदेर, म्हणजे पाववाला, दिसला तर उंडे (गोल पाव) घ्या, पुढच्या टोपलीत गरम राहतात.

पणजीत सायकल परत करताना तो माणूस टायर बघतो, डिस्प्ले बघतो, साखळीवरचा चिखल बघतो, आणि पावतीवर सही करून देतो. सगळं नीट. तुम्ही घरी येता, आंघोळ करता, लेंगा चढवता. धुवायला टाकलेल्या पॅंटमधून काहीतरी ठक्‌कन फरशीवर पडतं. करवंटीचा तुकडा, आणि त्याला ती चावी.