हाड म्हणायचं, पण द्यायचं नाही

गेल्या आठवड्यात मला दोनदा साखळीला बांधलं. दोन्ही वेळा अंड्यावरून. त्यातल्या त्यात समाधान एवढंच, की पहिल्या वेळी अंडं तरी खरं होतं.

माझं नाव मोत्या. पण शेतावर मला जास्त वेळा ‘हाड’ या नावानेच हाक मारतात. लहानपणी या शब्दाने मला फार फसवलं. मालकीणबाई पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या दारातून ‘हाड!’ म्हणाल्या, तेव्हा मी शेपूट हलवत, लाळ गाळत, चक्क दोन पायांवर उभा राहिलो. मिळाला झाडू. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता सात वर्षं झाली. दिवसाला पंधरा-वीस हाडं कानावर पडतात, दातांत एकही आलेलं नाही. ज्या भाषेत देणे आणि हाकलणे यांना एकच शब्द आहे, त्या भाषेच्या माणसांकडे नोकरी करणं सोपं नसतं.

तीच गत म्हणींची. आंधळं दळतं तेव्हा पीठ कोण खातं? कुत्रं. नळीत शेपूट कोणाचं? कुत्र्याचं. शेपूट नळीत घालून ते सरळ होतंय का याची वाट बघत बसलेला तो पहिला माणूस कोण होता आणि त्याला दुसरा काही उद्योग नव्हता का, हे कोणीच विचारत नाही. मी ताळ्यावर असलो की ‘आपला मोत्या’ असतो. काही सांडलं, फाटलं, हरवलं की मालकीणबाई मालकांना म्हणतात, “अहो, तुमचा कुत्रा बघा!”

मी दिवसभर झोपतो, असा एक आरोप आहे. झोपतो. कारण रात्री मी कामावर असतो. माणसाला २०,००० हर्ट्झच्या वरचा आवाज ऐकू येत नाही, आम्हाला ४५,००० पर्यंतचा येतो. आता उंदीर घाबरले की एकमेकांना जो इशारा देतात, तो नेमका २२,००० च्या आसपासचा. म्हणजे मालक आत सुखाने घोरतायत आणि माझ्या कानात कणगीखालून ‘पळा, पळा, मनी आली’ असा गलका चाललाय. अशा वेळी भुंकलो तर आतून आवाज येतो, “गप रे, झोपू दे!” नाही भुंकलो आणि सकाळी पोतं कुरतडलेलं निघालं, तर “हा काय कामाचा?” भुंकणं नेमकं किती असावं याचा काही नियम असेल, तर तो त्यांनी एकदा भिंतीवर लिहून टाकावा. मला वाचता येत नाही, पण निदान त्यांच्यात तरी एकमत होईल.

तरी माझा निकाल शंभर टक्के आहे. दूध न्यायला रोज एक गाडी येते. एवढी मोठी, धूर सोडणारी. मी एकटा तिच्यावर धावून जातो, जीव तोडून भुंकतो आणि थोड्या वेळात ती घाबरून निघून जाते. आजवर एकदाही मुक्काम करायची तिची हिंमत झालेली नाही. जाताना दूध घेऊन जाते ही गोष्ट वेगळी.

श्रेय मात्र इतरांना. ढवळी गाय दिवसाचे सात-आठ तास नुसतं रवंथ करत बसते. तिला कोणी आळशी म्हणत नाही. तिच्याकडे बघून म्हणे मन शांत होतं. कोंबड्याचं तर बोलायलाच नको. सूर्य आपणच वर काढतो अशी त्याची समजूत आहे. आजोबा ओट्यावर बसून पेपर मोठ्याने वाचतात, म्हणून मला या गोष्टी कळतात. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं, की कोंबड्याला अंधूक उजेडात कोंडून ठेवलं तरी तो पहाटेच्या वेळेला आरवतो. घड्याळ त्याच्या अंगातच असतं. म्हणजे सूर्याचा आणि त्याचा तसा काही संबंध नाही, दोघे फक्त एका वेळी उठतात. पुढे असंही आढळलं, की कळपात जो सगळ्यात वरिष्ठ तो आधी आरवतो आणि बाकीचे ज्येष्ठतेनुसार मागून. आमच्याकडे कोंबडा एकच. त्यामुळे तो आधी वरिष्ठ म्हणून आरवतो आणि मग कनिष्ठ म्हणून.

आजोबांनीच एकदा पावलोव्ह नावाच्या रशियन गृहस्थांचं वाचून दाखवलं होतं. १९०४ साली त्यांना पचनाच्या अभ्यासासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. कुत्रे आमचे, लाळ आमची, पारितोषिक दाढीवाल्याला. मी ते ऐकून त्या दिवशी जेवलो नाही. म्हणजे, उशिरा जेवलो.

असो. अंड्याचं सांगत होतो.

सात कोंबड्यांत एक ठिपकी आहे. चालणं असं, की जमिनीला लागू नये म्हणून पाय उचलते. तिने एके दिवशी अगदी पातळ कवचाचं अंडं घातलं आणि ते घालतानाच फुटलं. तिने सहज चोच बुडवली. चव आवडली. दुसऱ्या दिवशीपासून फुटायची वाट बघणं बंद. स्वतःच टोचा मारून फोडायची. स्वतःचं झालं, की शेजारणीचं. आधी बलक, मग कवचसुद्धा, आणि वर गवतात चोच पुसून ‘कॉक कॉक’ करत बाहेर, जसं काही हिचंच अंडं कोणीतरी नेलं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. पण म्हणीत कुत्रं नाही ना, म्हणून ती कोणालाच वेळेवर आठवली नाही.

मला सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख, आमच्या नाकात २० कोटींच्या वर. ठिपकीच्या चोचीवरचा बलक मला गोठ्याच्या पलीकडून कळत होता. पण सांगायचं कसं? माझ्याकडे शब्द एकच, तो फार तर मोठ्याने किंवा हळू म्हणता येतो. तरी मी प्रयत्न केला. खुराड्यासमोर ठाण मांडून, ठिपकीकडे तोंड करून, अगदी तिच्याचकडे बघून, अर्धा तास भुंकलो. निष्कर्ष काय निघाला? “हा कोंबड्यांना घाबरवतो, म्हणून अंडी कमी झालीत.”

मग मी स्वतः आत शिरून पाहणी करायची ठरवली. कोपऱ्यात फुटकं अंडं पडलं होतं, ताजं, अर्धं खाल्लेलं. आता आमच्यात पाहणी नाकाने सुरू होते आणि जिभेने संपते, त्याला माझा इलाज नाही. बाहेर आलो तर समोर मालकीणबाई. माझ्या मिश्यांना बलक. मागे उंबऱ्यावर मनी बसलेली, पंजा चाटत, आपल्याला हे आधीपासून माहीत होतं असा चेहरा करून. ठिपकी मधूनच निघून गेली, पाय उचलत उचलत.

चोर सोडून संन्याशाला साखळी. तो संन्यासी जरा चाटून आला होता, हे मान्य. पण मूळ गुन्हा कोणाचा?

साखळीला बांधलेल्या कुत्र्याचं जग सहा फुटांचं असतं, आणि ते मनीला बरोबर मोजता येतं. ती सात फुटांवर आडवी झाली.

अंडी दुसऱ्या दिवशीही कमीच निघाली. मी साखळीला, अंडी तरी गायब. एवढी सोपी गोष्ट माणसांच्या लक्षात यायला दुपार उजाडली. आजोबा काठी टेकत खुराड्यात वाकले, गवत चाचपलं, ओलं लागलं. म्हणाले, “अगं, कुत्र्याने अंडं बाहेर नेलं असतं. इथेच बसून कवचासकट खाल्लंय, ही कोंबडीच. चुना कमी पडतोय हिला.” मग त्यांनी कोंबड्यांच्या खाण्यात शिंपल्यांचा चुरा घालायला सांगितला आणि अंडी तासातासाला उचलायला. मला सोडलं. माफी वगैरे कोणी मागितली नाही. मालकांनी कानामागे खाजवलं, तेव्हा माझा मागचा पाय आपोआप हलायला लागला आणि निषेध नोंदवायचा राहूनच गेला.

इथवर ठीक होतं. पण आजोबांनी त्याच संध्याकाळी मला न विचारता आणखी एक गोष्ट केली.

रात्री फेरी मारताना मी खुराड्यापाशी थबकलो. आत गवतावर अंडं होतं. आकार अंड्याचा, रंग अंड्याचा, पण वास अंड्याचा नाही. लाकडाचा, रंगाचा आणि आजोबांच्या खिशाचा. म्हणजे बनावट! आधीच बदनाम झालेल्या खुराड्यात कोणीतरी बनावट अंडं आणून ठेवलेलं! असल्या वेळी भुंकून उपयोग नसतो, हे मी आता शिकलो होतो. पुरावा थेट दाखवायचा. फळी नाकाने सारली, अंडं अगदी अलगद, दात न लावता उचललं, ओट्यावर आलो आणि पंजाने दार खाजवलं.

दार मालकीणबाईंनीच उघडलं. हातात बॅटरी. उजेड सरळ माझ्या तोंडावर, आणि तोंडात अंडं.

“हाड!”

मी तोंड उघडलं. अंडं उंबऱ्यावर पडलं. टक्क. फुटलं नाही. घरंगळत मालकीणबाईंच्या पायापाशी जाऊन थांबलं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिलो. आतून आजोबांचा आवाज आला, “अगं, ते लाकडी आहे! ठिपकीसाठी ठेवलंय. चोच मारून मारून दमेल, मग सवय सुटेल.”

“आणि ह्याची कधी सुटणार?” मालकीणबाईंनी विचारलं.

म्हणून साखळी, दुसऱ्यांदा. अंडं पुन्हा खुराड्यात.

सकाळी उजाडलं तसा मी सहा फुटांच्या टोकाला जाऊन खुराड्याकडे कान लावून बसलो. थोडा वेळ काहीच नाही. मग आतून आवाज आला. टक. जरा थांबून पुन्हा, टक. मग चिडून लागोपाठ दोनदा, टक टक. मी भुंकलो नाही. एकेक टोचा मनात मोजत होतो. तेवीसपर्यंत आलो, तेवढ्यात कोंबडा कनिष्ठ म्हणून आरवला आणि माझी मोजणी चुकली.