खुर्चीवर कोण? टॉवेल!

क्रूझ जहाजावर सकाळचे साडेसहा. स्विमिंग पूलवरची जाळी अजून काढलेली नाही आणि डेकवरच्या सावलीतल्या सगळ्या खुर्च्या फुल्ल! माणसं कुठे आहेत? खाली केबिनमध्ये घोरतायत. वर पहुडलेत त्यांचे टॉवेल.

बरं, टॉवेल तरी समजू शकतो. पण एका खुर्चीवर डावी चप्पल, शेजारच्या खुर्चीवर उजवी? तिसरीवर एक जाडजूड पुस्तक, ज्याची पानं दुपारपर्यंत फक्त वाऱ्यानेच उलटली! कुटुंब चौघांचं, खुर्च्या आठ. चार उन्हात, चार सावलीत. सातबारा नावावर करून घ्यायचाच काय तो बाकी!

नियम आहे म्हणे. तीस-चाळीस मिनिटं कुणी फिरकलं नाही तर सामान उचलणार, अशी पाटी बऱ्याच जहाजांवर असते. उचलणार कोण? पूलवरचा तो पोरगा? प्रवाशांच्या शेऱ्यांवर ज्याची नोकरी, तो कशाला कुणाच्या टॉवेलला हात लावेल?

आणि चुकून बसलात, तर नाश्ता, मसाज, डुलकी सगळं उरकून सव्वाअकराला साहेब उगवणार. "एक्सक्यूज मी, आम्ही बसलो होतो इथे." कधी? गेल्या जन्मी?

मुंबई-गोवा क्रूझवर आपली मंडळीही मागे नाहीत. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात आयुष्य गेलेलं! पण तिथे रुमालवाला निदान पाठोपाठ धापा टाकत चढतो तरी.

मी ठरवलंय. यापुढे टॉवेल घडी करून बाजूला ठेवायचा आणि सरळ आडवं व्हायचं. कुणी विचारलंच तर, कसला टॉवेल हो? समुद्रावर वारा फार असतो.