घर पाडायला पोलीस आलेत? घाबरू नका, फक्त नीट वागा

तर मंडळी, गावात जेसीबी शिरला की लोक उगाच गोंधळ घालतात, बायका दारात आडव्या पडतात, पोरं रडतात आणि मग बिचाऱ्या पोलिसांना नाइलाजाने काठी उचलावी लागते. हे सगळं टाळता येतं हो, थोडी शिस्त पाहिजे. ज्यांचं घर अजून उभं आहे त्यांनी सेव्ह करून ठेवा.

पहिलं म्हणजे नोटीस उशिरा आली म्हणून कुरकुर करायची नाही. आसामात दरांग जिल्ह्यात धोलपूर म्हणून गाव आहे, तिथे २३ सप्टेंबर २०२१ला पाडकाम झालं, गावकरी सांगत होते की कागद आदल्या रात्री हातात पडला. आता अख्खी रात्र म्हणजे काय कमी झाली का? पत्रे सोडवा, खिळे उपटा, कोंबड्या टोपलीखाली घाला, म्हातारीला बाजेसकट उचला, उजाडायच्या आत बिऱ्हाड बाहेर. आणि ही तर ब्रह्मपुत्रेच्या काठची माणसं, नदीने जमीन खाल्ली की घर मोडून पुढे सरकायचं हे पिढ्यानपिढ्या चाललंय, म्हणजे प्रॅक्टिस होतीच की.

दुसरं, हात रिकामे ठेवा. काठी तुमच्या हातात असली की ते हत्यार आणि त्यांच्या हातात असली की लाठी, आणि लाठीच्या मागे आपल्या पेपरवाल्यांकडे 'सौम्य' हा शब्द कायम तयार असतो. 'पोलिसांचा कठोर लाठीमार' अशी बातमी मी तरी आजवर वाचलेली नाही, तुम्ही वाचली असेल तर कात्रण पाठवा. धोलपुरात एक माणूस नुसती काठी घेऊन पोलिसांच्या दिशेने धावला, समोर बंदुका घेतलेले कितीतरी जण, एवढ्या सगळ्यांना मिळून एका माणसाची काठी काही हिसकावता आली नाही. गोळी लागून तो खाली पडला आणि पडल्यावरही त्याच्यावर लाठ्या चालूच. तेव्हा पडायचंच असेल तर एकदाच काय ते नीट पडा, अर्धवट धुगधुगी ठेवून पोलिसांना कन्फ्यूज करू नका.

मग गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक जण पळत आला आणि त्या पडलेल्या माणसाच्या छातीवर उडी मारली. एकदा मारून समाधान झालं नाही, परत आला. हा कोण, तर जिल्हा प्रशासनानेच कारवाईचं शूटिंग करायला आणलेला फोटोग्राफर! फोटो काढणाऱ्याचाच व्हिडिओ निघाला, देशभर फिरला, म्हणून त्याला अटक तरी झाली. पुढे १३ नोव्हेंबर २०२४ला सुप्रीम कोर्टाने नियम घालून दिले, निकाल देणाऱ्यांत आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती गवई होते: १५ दिवसांची नोटीस द्या, मालकाचं म्हणणं ऐकून घ्या, पाडकामाचं व्हिडिओ शूटिंग करा. शूटिंगच्या बाबतीत धोलपूर तीन वर्षं पुढेच होतं म्हणायचं. हां, आणि रस्ता, फुटपाथ, रेल्वेलाइन, नदीनाल्याची जागा असेल तर हे नियम लागू नाहीत, त्यामुळे घर बांधताना आधी नदीला विचारून घ्या की बाई, पुढच्या ३० वर्षांत तुझा काय प्लॅन आहे.

कागदपत्रं मात्र जवळ ठेवा, हे फार महत्त्वाचं. त्याच दिवशी धोलपुरात १२ वर्षांचा एक मुलगा गोळी लागून गेला. घरच्यांच्या सांगण्यानुसार तो आपलं आधार कार्ड आणायला गेला होता आणि घेऊन परत येत होता. निदान ओळख पटवायची सोय झाली.

आणि घरात बसून राहू नका. उत्तर प्रदेशात कानपूर देहातमधल्या मडौली गावात १३ फेब्रुवारी २०२३ला झोपडी पाडायला माणसं गेली, आग लागली, आई आणि मुलगी आतल्या आत जळून गेल्या. पोलीस आधी म्हणाले त्यांनीच पेटवून घेतलं, घरचे म्हणाले आग लावली. नंतर एसडीएमपासून (म्हणजे आपल्याकडचे प्रांताधिकारी) जेसीबीच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांवर गुन्हा दाखल झाला, पण तो नंतर. म्हणजे आत थांबलात तर असं, बाहेर आलात तर तुम्ही जमाव, हात जोडून उभे राहिलात तरी सरकारी कामात अडथळा, तेव्हा मधली एखादी जागा शोधा, उंबरठ्यावर वगैरे, तोसुद्धा पाडेपर्यंत.

बरं, एवढं करून पाडायचं कशाला असं विचारू नका, विकास असतो तो. धोलपूरची जागा गरुखुटी नावाच्या सरकारी शेती प्रकल्पासाठी हवी होती. असमियात गरु म्हणजे गाय, आणि नाव इतकं मनावर घेतलं की प्रकल्पासाठी थेट गुजरातहून गीर गायी आणल्या. दोन टोकं आहेत हो देशाची, रेल्वेनेसुद्धा दिवसचे दिवस लागतात. इतक्या लांबून आल्या, परप्रांतातल्या, तिथलं गवत माहीत नाही, पाणी माहीत नाही, पण त्यांना कुणी विचारलं नाही की बाई, तू इथली कधीपासूनची, आणि आधार कार्ड कुठंय.