दुसरा गाल म्हणजे तोंड बंद नव्हे

‘येशूने दुसरा गाल पुढे करायला सांगितलंय, म्हणून खोटा आरोप झाला तरी ख्रिस्ती माणसाने खुलासा करू नये,’ असा एक संदेश सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यामुळे निरपराध माणसं गप्प बसतात.

दुसऱ्या गालाचं हे वचन, बायबलमधलं मत्तय ५:३९, सूड घ्यायला मनाई करतं. खरं बोलायला नाही. चौकशीच्या वेळी शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा स्वतः येशूने विचारलं, की मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, नाहीतर मला का मारतोस? (योहान १८:२३).

फिलिप्पै या शहरातला प्रसंग तर जरूर वाचा (प्रेषितांची कृत्ये १६). पौल आणि सीला हे येशूचा संदेश सांगत फिरणारे प्रचारक, आणि रोमी नागरिक; रोमी नागरिकाला चौकशीविना मारणं बेकायदेशीर होतं. तरीही चौकशीविना भर चौकात छड्या मारून त्यांना तुरुंगात टाकलं. सकाळी निरोप आला, सुटलात, जा. पौल हलला नाही. सगळ्यांदेखत मारलंत आणि आता गुपचूप घालवता? अधिकाऱ्यांनीच येऊन आम्हाला बाहेर न्यावं! ते आले, त्यांनी विनवणीही केली. तिथल्या नव्या विश्वासणाऱ्यांवर ‘गुन्हेगारांचे चेले’ असा शिक्का बसू नये, हेही त्यामागे असावं असं मला वाटतं. पौलाने बदला मात्र मागितला नाही.

आपसातल्या भांडणाची रीत मत्तय १८:१५-१७ मध्ये आहे: आधी एकट्याने भेटा, मग एक-दोन साक्षीदार न्या, शेवटी मंडळी, म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांसमोर मांडा. तेव्हा ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याला न भेटताच चारचौघांत त्याचं नाव घेणं या शिकवणीत बसत नाही.