जिथे बोटींना वीज जोडलेली असते, तिथे पोहायला उतरू नका

बोटीवर राहून नदीतून, कालव्यातून फिरायची सुट्टी ठरली की घरोघरी याद्या सुरू होतात. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या मापाची मिळतील ना, पोहता न येणाऱ्यांचं काय, लहान मुलांवर लक्ष कोण ठेवणार. ही चर्चा व्हायलाच हवी. विजेबद्दल मात्र एवढाच प्रश्न येतो: "मोबाइल चार्ज करता येतो ना?" हो म्हटलं की विषय संपला. मला हे गंभीर वाटतं, म्हणून आज सविस्तर लिहितोय. लांबलचक होईल, पण सुट्टीला निघणार असाल तर पूर्ण वाचा.

रात्री बोट जेट्टीला लावली की तिथल्या खांबावरच्या सॉकेटमधून एका जाड केबलने बोटीत वीज घेतात. याला शोअर पॉवर म्हणतात. केबल जोडली की बोटीतले सॉकेट, बॅटरीचा चार्जर, पाणी तापवायचा हीटर हे सगळं घरातल्यासारखंच 230 व्होल्टवर चालायला लागतं, काही देशांत 120 वर. आता समजा त्या हीटरच्या आतलं इन्सुलेशन गेलं आणि फेज धातूच्या भागाला टेकली. अर्थिंग शाबूत असेल तर करंट त्या वायरीने परत जातो, ब्रेकर पडतो आणि प्रकरण तिथेच थांबतं. पण प्लगच्या आत अर्थची वायर निखळलेली किंवा गंजून तुटलेली असेल तर? करंटला आपल्या मूळ स्रोताकडे परत जायचंच असतं. मग तो इंजिनातून शाफ्टमध्ये, शाफ्टमधून बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) आणि तिथून पाण्यात उतरतो. पाण्यातून जेट्टीच्या दिशेने वाट काढतो. बोटीत बसलेल्यांना यातलं काहीही कळत नाही. दिवे लागलेले असतात, फ्रिज चालू असतो, पंखा फिरत असतो. साधा 16 अँपिअरचा ब्रेकरही पडत नाही, कारण गळती त्याच्या मानाने फारच थोडी असते.

माणसाला मारायला मात्र तेवढी गळती पुरेशी असते. साधारण 10 मिलिअँपिअर करंट शरीरातून गेला की स्नायूंवरचा ताबा सुटायला लागतो. 30 च्या आसपास श्वास घेणं अवघड होतं. त्याच्याही वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पाण्यात असलेल्या माणसाला यातली पहिली पायरीच पुरते. हातपाय चालेनासे झाले की उत्तम पोहणारासुद्धा बुडतो. याला इलेक्ट्रिक शॉक ड्राउनिंग म्हणतात. अंगावर सहसा भाजल्याची खूण नसते, शवविच्छेदनातही बहुधा विजेचा पुरावा सापडत नाही. त्यामुळे अशा मृत्यूची नोंद साधं बुडणं म्हणून होऊ शकते.

यातली एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. हा धोका समुद्रापेक्षा गोड्या पाण्यात कितीतरी जास्त असतो. खारं पाणी आपल्या शरीरापेक्षा चांगलं वाहक असतं, म्हणून करंट माणसाला वळसा घालून पाण्यातूनच निघून जातो. गोड्या पाण्याचं उलट. तिथे आजूबाजूच्या पाण्यापेक्षा शरीरच जास्त सोपी वाट असते. गोड्या पाण्यात दर फुटाला 2 व्होल्ट एवढा फरकही धोकादायक धरला जातो. आणि कालवे, नद्या, तलाव म्हणजे गोडं पाणीच. समुद्रात जन्मभर पोहलेला माणूस "मला पाण्याचं भय नाही" म्हणत जेट्टीजवळ उडी मारतो, तेव्हा त्याचा अनुभव इथे उपयोगाचा नसतो.

संध्याकाळी अशा जेट्टीवर नीट बघा. बोटी रांगेने लागलेल्या असतात, प्रत्येकीच्या पुढच्या टोकापासून खांबापर्यंत एक केबल गेलेली असते. एखादी केबल सैल सुटून पाण्याला टेकलेली असते, एखाद्या प्लगवर चिकटपट्टी गुंडाळलेली असते. आणि त्याच दोन बोटींच्या मधल्या जागेत मुलं उड्या मारत असतात, आईवडील वरून फोटो काढत असतात. हे दृश्य मला पाहवत नाही. आपली बोट ठणठणीत आहे एवढ्याने भागत नाही, कारण गळती शेजारच्या बोटीतून किंवा खुद्द जेट्टीच्या वायरिंगमधूनही होऊ शकते. काल पोहलो, काही झालं नाही, हाही पुरावा नाही. बिघाड असलेला हीटर थर्मोस्टॅटप्रमाणे मधूनच चालू होतो. दुपारी निर्धोक असलेलं पाणी रात्री आठ वाजता तसं असेलच असं नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की वीज जोडलेल्या जेट्टीवर पाण्यात उतरायचंच नाही. पाय सोडून बसायचं नाही, पडलेली चप्पल काढायलाही उतरायचं नाही, त्यासाठी बोटीवर लांब हुक असतो. पोहायचं असेल तर जिथे परवानगी आहे आणि विजेची सोय नाही अशा ठिकाणी जा, बोट नांगरा, इंजिन आणि जनरेटर दोन्ही बंद करा, इंजिनची किल्ली काढून खिशात ठेवा आणि मगच उतरा.

तरीही कुणी पाण्यात असताना मुंग्या आल्यासारखं वाटलं, पाय जड झाले, तर शिडीकडे किंवा बोटीकडे यायचं नाही. धातूला हात लावायचा नाही. जेट्टी आणि बोटींपासून लांब जायचं. पाय पोटाशी घेऊन शरीर जितकं आखूड ठेवता येईल तितकं चांगलं, कारण दोन टोकांमधलं अंतर कमी झालं की शरीरावर येणारा व्होल्टेजही कमी होतो. आणि ओरडायचं. काठावरच्यांनी उडी मारायची नाही. बुडणाऱ्याला वाचवायला उतरलेला माणूसही त्याच करंटमध्ये सापडतो, दुर्दैवाने असं घडलेलं आहे. आधी खांबावरचे ब्रेकर बंद करायचे, फक्त आपल्या बोटीचा नव्हे, आसपासचे सगळे. मग लाइफबॉय (तरंगणारी गोल कडी) किंवा दोर फेकायचा. मदतीला फोन करायचा. बाहेर काढल्यावर श्वास आणि नाडी नसेल तर ताबडतोब सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं.

या सगळ्यावर तांत्रिक उपाय आहे आणि तो जुना, सिद्ध झालेला आहे. आरसीडी नावाचं उपकरण जाणारा आणि परत येणारा करंट सतत ताडून बघतं. दोन्हींत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणार्धात वीज तोडतं. बोटीच्या बोर्डवर त्याला एक छोटं टेस्टचं बटण असतं, बहुधा "टी" लिहिलेलं. ते दाबलं की खटका पडलाच पाहिजे. पडला नाही तर ते उपकरण निकामी आहे असंच समजायचं. काही बोटींवर रिव्हर्स पोलॅरिटी म्हणून एक लाल दिवा असतो. तो लागला तर फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेत असा अर्थ, त्या सॉकेटमधून वीज घ्यायची नाही.

आता केबलचं. जोडताना आधी बोटीकडचं टोक, मग खांबाकडचं. काढताना आधी खांबाकडचं, मग बोटीकडचं. हा क्रम पाळला तर हातात कधीच जिवंत टोक येत नाही. उलटा क्रम झाला आणि केबल पाण्यात निसटली तर वीज चालू असलेलं टोक पाण्यात पडतं. जोडण्याआधी बोटीतली मोठी उपकरणं आणि खांबावरचा ब्रेकर बंद ठेवा, नाहीतर पिना आत जाताना ठिणगी उडते आणि हळूहळू त्या जळतात.

प्लगच्या पिना दिवसाउजेडात एकदा डोळ्यांनी बघाच. चांगली पिन चकचकीत पिवळसर किंवा रुपेरी असते. एकाच पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलंय, कडेला किंचित वितळून फुगलंय, जवळ नेलं की करपट वास येतोय, असं दिसलं तर तिथे पकड सैल आहे आणि दर रात्री ती जागा तापतेय. बोटींवरच्या आगी अशाच जागी सुरू होतात. ती केबल वापरायची नाही, बोट देणाऱ्याला फोन करून दुसरी मागवायची. केबल रिळावर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या केबलच्या आतल्या थरांची उष्णता बाहेर पडत नाही, भार जास्त असेल तर इन्सुलेशन मऊ होऊन वितळतं.

बऱ्याच ठिकाणी खांबावर 16 अँपिअरचं निळं सॉकेट असतं, म्हणजे 230 व्होल्टला साधारण 3,680 वॉट. काही जुन्या जेट्ट्यांवर 6 अँपिअरच मिळतात, म्हणजे जेमतेम 1,400 वॉट. पाण्याची विजेची किटली एकटी 2,000 वॉटची असते. त्यामुळे किटली, हेअर ड्रायर आणि हीटर एकत्र लावले की ब्रेकर पडणार. ब्रेकर पडला तर भार कमी करा. तो पुन:पुन्हा वर ढकलत बसू नका, तो काहीतरी सांगतोय.

दिवसा चालताना बोट 12 व्होल्टच्या बॅटरीवर असते. त्या व्होल्टेजचा शॉक सहसा लागत नाही म्हणून लोक तिकडे दुर्लक्ष करतात, पण बॅटरीत आग लावण्याची ताकद पुरेपूर असते. बॅटरीच्या कप्प्यात सामान कोंबू नका. पान्हा किंवा डबा दोन टोकांवर आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात. लेड ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून त्या कप्प्याच्या झरोक्यांवर टॉवेल वाळत घालू नका. हिशेबही सोपा आहे. 100 अँपिअर-अवरच्या लेड ॲसिड बॅटरीतले 50 वापरायचे असतात, त्याखाली नेली तर आयुष्य घटतं. फ्रिज एकटाच दिवसाला 40 च्या आसपास खातो. एलईडी दिवे नगण्य. इन्व्हर्टरवर 1,500 वॉटचा हेअर ड्रायर दहा मिनिटं लावला तर वीसेक गेले. विश्रांतीनंतर व्होल्टमीटर 12.7 दाखवत असेल तर बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. इंजिन तासभर चालवून ती पूर्ण भरत नाही, शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरतो. फोन 12 व्होल्टच्या यूएसबी सॉकेटवरच चार्ज करा, त्यासाठी रात्रभर इन्व्हर्टर चालू ठेवायची गरज नाही. आणि इन्व्हर्टरमधून निघणारे 230 व्होल्ट खांबावरच्या विजेइतकेच जीवघेणे असतात, बॅटरीतून आले म्हणून सौम्य होत नाहीत.

हल्ली लोक इलेक्ट्रिक सायकली बोटीवर नेतात. त्यांच्या लिथियम बॅटऱ्या रात्री, सगळे झोपलेले असताना, जिन्यापाशी चार्जिंगला लावू नका. बोटीतून बाहेर पडायला दारं एक किंवा दोन, आणि बिघडलेली लिथियम बॅटरी पेटली की काही सेकंदांत धूर कोंडतो. जागे असताना, मूळ चार्जरनेच, वाटेत न येणाऱ्या जागी चार्ज करा. पेट्रोलचा छोटा जनरेटर डेकवर चालवत असाल तर कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो हे लक्षात ठेवा. केबिनमध्ये त्याचा अलार्म आहे का आणि तो वाजतो का, हे पहिल्याच दिवशी बघा.

मासेमारीची हौस असणाऱ्यांनी वर बघायची सवय लावून घ्यावी. कालव्यांवरून उच्चदाबाच्या तारा गेलेल्या असतात आणि आजकालचे गळ टाकायचे लांब दांडे कार्बन फायबरचे असतात. कार्बन फायबर विजेचा वाहक आहे. तारेला प्रत्यक्ष स्पर्श व्हायचीही गरज नसते, पुरेसं जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते. शिडाची छोटी होडी असेल तर तिच्या डोलकाठीलाही हेच लागू.

शेवटी बोट देणाऱ्यांबद्दल. बोट ताब्यात देताना सुकाणू कसं धरायचं, लॉकमध्ये (पाण्याची पातळी वर-खाली करणाऱ्या दरवाज्यांच्या कप्प्यात) बोट कशी घालायची, सांडपाण्याची टाकी कशी रिकामी करायची हे नीट दाखवतात. विजेचा बोर्ड मात्र "इथे स्विच आहेत" एवढ्यावर उरकतात. जेट्टी चालवणारे वायफायचा पासवर्ड मोठ्या अक्षरात लावतात, पण "इथे पोहू नका, पाण्यात वीज असू शकते" हा फलक अनेक ठिकाणी नसतो. दोन्ही गोष्टींना खर्च जवळजवळ काहीच नाही. कायद्याने सक्ती होईपर्यंत आपण मागत राहायला हवं, आणि मागणारे वाढले की त्यांना बदलावं लागेल. बोट ताब्यात घ्यायच्या दिवशी घाई करू नका. मेन स्विच कुठे, फ्यूज कुठे, अग्निशामक कुठे हे विचारा. केबल जोडायला लावा आणि आरसीडीचं टेस्ट बटण तुमच्यादेखत दाबून दाखवायला सांगा. खटका पडला नाही, किंवा दाखवायला टाळाटाळ झाली, तर सही करू नका. दुसरी बोट मागा.